चेहऱ्याला तेल आणि मॉइश्चरायझर: आधी काय, नंतर काय, आणि तेल कुणी लावूच नये

‘रोज तेल लावते, तरी दुपारपर्यंत चेहरा ओढायला लागतो.’ थंडी सुरू झाली की लातूर-परभणीकडून ही तक्रार हमखास येते आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा येते. विचारपूस केली की कळतं, तेल चांगलं असतं, क्रीमही बरं असतं, पण क्रम उलटा असतो. सकाळी कोरड्या ठक्क चेहऱ्यावर तेल चोळायचं, वरून क्रीम, त्यावर पावडर, आणि तसंच स्कार्फ बांधून उन्हात निघायचं. यात तेलही वाया जातं आणि क्रीमही.

मुळाशी एकच गोष्ट आहे. तेलात पाणी नसतं. त्वचा मऊ राहते ती तिच्या सगळ्यात वरच्या थराने धरून ठेवलेल्या पाण्यामुळे. तेल ते पाणी आणून देत नाही, असलेलं उडून जाऊ नये म्हणून वर झाकण घालतं. रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय होणार? म्हणून आधी ओल, मग मॉइश्चरायझर, मग हवं असेल तरच तेल. पुढचं सगळं या क्रमाभोवती आहे.

आपल्याकडे हा क्रम पाळणं जास्त गरजेचं आहे, कारण मराठवाड्याची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांचे व्हिडिओ बघून त्यांच्यासारखंच केलं तर बीड-जालन्यात ते जमेलच असं नाही.

## सुरुवातीआधी: आपली त्वचा मागते काय?

सुट्टीच्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने आणि नेहमीच्या फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या आणि अर्धा-पाऊण तास काहीही लावू नका. मग खिडकीजवळच्या उजेडात आरसा घेऊन बघा.

गाल ओढताहेत, कुठेच चमक नाही, बारीक पांढरट खपल्या दिसताहेत: त्वचा कोरडी आहे. तिला पाणीही कमी पडतंय आणि स्वतःचं तेलही. फेस ऑइलचा खरा फायदा होतो तो अशा त्वचेला.

कपाळ-नाक चमकतंय, तरी हसताना गाल ताणल्यासारखे वाटताहेत: त्वचा तेलकटच आहे, पण तिच्यातलं पाणी उडालंय. आपल्याकडे हा प्रकार फार आढळतो आणि नेमकी इथेच चूक होते. ओढतंय म्हणून तेल लावलं जातं आणि काही आठवड्यांत पुटकुळ्या येतात. या त्वचेला हलकं मॉइश्चरायझर पुरतं.

सगळीकडे चमक, ओढ कुठेच नाही: तेलाची गरज नाही. पुढचा तेलाचा टप्पा सोडून द्या.

इथे थांबून एक तपासणी करा. खपल्या नेमक्या कुठे आहेत ते बघा. नाकाच्या बाजूच्या खळग्यात, भुवयांत, कानामागे, दाढीत पिवळसर-चिकट खपल्या आणि सोबत खाज असेल, तर तो कोरडेपणा नसण्याचीच शक्यता जास्त. डोक्यात कोंडाही असेल तर शंका आणखी पक्की होते. प्रत्येकाच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची बुरशी असते. आपल्या त्वचेचं तेल हे तिचं खाणं, आणि खोबरेल, बदाम, ऑलिव्ह, करडई अशी बहुतेक वनस्पती तेलंही तिला चालतात. म्हणजे खपल्या दिसल्या म्हणून तेल लावायचं, त्याने बुरशी वाढायची, खपल्या वाढल्या म्हणून आणखी तेल. महिनोन्‌महिने या फेऱ्यात अडकलेली माणसं मी बघते. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, बारीक, खाजऱ्या पुटकुळ्या येत असतील आणि घाम आला की वाढत असतील, तर त्यामागेही बहुधा हीच बुरशी असते. अशांनी चेहऱ्याचं तेल ताबडतोब बंद करावं, केसांना रात्रभर तेल लावून झोपणंही थांबवावं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. यावर साधी आणि स्वस्त औषधं आहेत.

## टप्पा १: पाणी आणि धुणं

आपल्याकडे बऱ्याच घरांत बोरचं किंवा टँकरचं पाणी असतं आणि ते जड असतं. ओळखायला सोपं आहे: साबणाला फेस येत नाही, बादलीला आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर चढतो. या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतं. तो नीट धुतला जात नाही, त्वचेवर राहतो आणि खाजवतो. त्यात अंगाचा साबण मुळात क्षारधर्मी. त्वचेचा वरचा थर मात्र किंचित आम्लधर्मी असतो. दिवसातून तीन-चार वेळा अंगाच्या साबणाने तोंड धुणाऱ्याचा चेहरा कुठल्याच तेलाने मऊ राहणार नाही.

म्हणून:

१. चेहऱ्याला अंगाचा साबण बंद करा. लेबलवर साबणविरहित किंवा ‘सोप-फ्री’ लिहिलेला सौम्य फेसवॉश घ्या. जड पाण्यात त्याचा साका होत नाही.

२. फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. कोरडी त्वचा असेल तर सकाळी नुसतं पाणी आणि रात्री फेसवॉश. शेतातून किंवा गाडीवरून धूळ खाऊन आलात तर मधे एकदा साध्या पाण्याने धुवा.

३. पाणी कोमट किंवा साधं. थंडीत बंबातलं कढत पाणी अंगावर घेताना बरं वाटतं, पण तेच तोंडावर मारलं की त्वचेचं नैसर्गिक तेल निघून जातं.

४. खरखरीत टॉवेलने रगडू नका. जुन्या सुती पंच्याने किंवा मऊ कापडाने टिपा. चेहरा हाताला ओलसर लागला पाहिजे, पाणी मात्र ओघळायला नको.

इशारा: फेसवॉशनंतर चेहऱ्यावर बोट फिरवल्यावर कचकच आवाज आला की स्वच्छ झालं, अशी अनेकांची समजूत आहे. तो आवाज म्हणजे फेसवॉश तुम्हाला जास्त कडक पडतोय. बदला.

## टप्पा २: मॉइश्चरायझर निवडणं

मॉइश्चरायझरमधले घटक तीन कामं करतात. काही पाणी ओढून धरतात: ग्लिसरीन, हायल्युरोनिक ॲसिड, युरिया. काही त्वचेच्या खडबडीत कडा भरून तिला गुळगुळीत करतात: वनस्पती तेलं, स्क्वालेन, सेटिल अल्कोहोल. आणि काही वरून पाणी अडवतात: पेट्रोलियम जेली, पॅराफिन, डायमेथिकोन. सेरामाइड असलेलं क्रीम मिळालं तर आणखी चांगलं, कारण त्वचेच्या स्वतःच्या आवरणातच सेरामाइड असतात. नावातल्या अल्कोहोलला घाबरू नका. सेटिल, सिटेरिल, स्टिअरिल ही मेणासारखी अल्कोहोलं कोरडेपणा आणत नाहीत.

मेडिकलमध्ये ट्यूब हातात घेतली की पुढची बाजू वाचत बसू नका. मागे फिरवा. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेली असते. पहिलं नाव बहुतेक पाणी असतं. दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या जागी ग्लिसरीन आणि पॅराफिन किंवा तेल दिसलं, तर ते काम करणारं क्रीम आहे, मग त्याची ट्यूब कितीही साधी दिसो. याउलट पुढे मोठ्या अक्षरात केशर, बदाम, चंदन आणि मागच्या यादीत ते सगळं शेवटी, सुगंधाच्या आसपास लिहिलेलं असेल, तर ते फक्त नावापुरतं आहे. त्या केशराचे पैसे देऊ नका. सुगंध म्हणजे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द यादीत नसलेलं क्रीम शक्यतो निवडा. चेहरा लगेच चुरचुरतो अशांनी तर नक्कीच.

कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम, मधल्या त्वचेला लोशन, तेलकट त्वचेला जेल. तेलकट किंवा मुरुमांच्या त्वचेसाठी लेबलवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ बघा. ही काही खात्री नव्हे, पण निवड सोपी होते. डब्यापेक्षा ट्यूब किंवा पंप बरा. डब्यात बोट घालायचं असेल तर आधी हात धुतलेले हवेत. लेबलवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘१२ एम’ असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत ते संपवायचं असतं.

ग्लिसरीनबद्दल वेगळं सांगायला हवं. गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि लिंबू एका बाटलीत मिसळून थंडीभर लावायची पद्धत घरोघरी आहे. यात तीन चुका आहेत. एक, कोरड्या हवेत दाट ग्लिसरीनला बाहेरून ओल मिळत नाही, मग ते त्वचेच्या खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते पाणी उडून जातं. ग्लिसरीन पातळ करून, ओल्या चेहऱ्यावर आणि वरून क्रीम लावूनच वापरायचं. दोन, लिंबाचा रस आम्ल आहे. तो चरचरतो आणि लिंबू लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड आणि काळे डाग उठू शकतात. लिंबू पूर्ण वगळा. तीन, संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेलं पाणी बाटलीत आठवडे ठेवलं की त्यात जंतू वाढतात. करायचंच असेल तर त्या रात्रीपुरतं वाटीत करा.

## टप्पा ३: तेल निवडणं

इथे आपण नशीबवान आहोत. करडई हे मराठवाड्याचं पीक. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने करडईचे वाण दिलेत आणि घाण्यावरचं करडईचं तेल अजूनही जवळच्या बाजारात मिळतं. चेहऱ्यासाठी हे तेल मला सगळ्यात आधी सुचवावंसं वाटतं. कारण त्यात लिनोलेइक आम्ल ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असतं. हे आम्ल त्वचेच्या संरक्षक आवरणाला लागतंच. तेल हलकं असतं, चिकटत नाही. सूर्यफुलाचं तेलही याच जातीतलं.

मात्र दोन गोष्टी तपासून घ्या. बाजारात ‘हाय ओलिक’ करडई आणि सूर्यफूल तेलंही येतात. ती जास्त टिकतात, स्वयंपाकाला चांगली असतात, पण त्यात लिनोलेइक कमी असतं. चेहऱ्यासाठी नेहमीच्या जातीचं तेल घ्या. दुसरं, लिनोलेइक जास्त असलेलं तेल लवकर खवट होतं. पाच किलोच्या डब्यातलं तेल वर्षभर चेहऱ्याला वापरू नका. ताज्या तेलातून ३०-५० मिलिलिटर गडद रंगाच्या, धुवून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटलीत काढा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये. महिन्याभरात संपवा. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा भिंतीच्या रंगासारखा वास आला की टाकून द्या. खवट तेल त्वचेला त्रास देतं.

बाकीच्या तेलांचं थोडक्यात:

खोबरेल अंगाला उत्तम. हात-पाय उलतात त्यांनी अंघोळीनंतर ओल्या अंगावर जरूर लावावं. चेहऱ्यावर मात्र अनेकांची रंध्रं त्याने बुजतात. मुरुमं येत असतील तर चेहऱ्याला नकोच.

बदाम तेल अगदी कोरड्या, मुरुमं न येणाऱ्या त्वचेला चालतं. बाजारात बदामाचं म्हणून मिळणारी बरीच तेलं ही केसांची असतात आणि त्यात खनिज तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. केसांचं तेल चेहऱ्याला लावू नका.

तिळाचं आणि शेंगदाण्याचं तेल लावण्याआधी घरात कुणाला त्यांची ॲलर्जी आहे का ते बघा. जवसाचं तेल फार झटकन खवट होतं, ते चटणीतच राहू द्या. एरंडेल जाड असतं, ओठांपुरतं ठीक. ऑलिव्ह तेल परदेशी आणि महाग म्हणून चांगलं असा समज आहे, पण त्यात ओलेइक आम्ल फार असतं आणि त्याने त्वचेचं आवरण सैल होतं हे प्रयोगांत दिसलं आहे. मोहरीचं तेल झोंबतं, चेहऱ्यापासून दूर ठेवा.

इशारा: टी ट्री, लिंबू, लव्हेंडर अशा छोट्या बाटलीतल्या अर्क-तेलांना लोक फेस ऑइल समजतात. ती अत्यंत तीव्र असतात. थेट चेहऱ्यावर थेंबभरही नको. कडुलिंबाचं कच्चं तेलही असंच त्रास देऊ शकतं.

## टप्पा ४: आधी हातावर, मग जबड्याखाली

नवीन क्रीम आणि नवीन तेल एकाच दिवशी सुरू करू नका. त्रास झाला तर कुणामुळे ते कळणार नाही.

मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ लावा. सलग ७ दिवस. लाली, खाज, बारीक पुरळ काही आलं नाही, तर पुढचे काही आठवडे कानाखाली जबड्याच्या कडेला लावा. तिथे पुटकुळ्या आल्या नाहीत, तरच चेहऱ्यावर. एका रात्रीच्या चाचणीवर विसंबू नका. ॲलर्जी दोन-तीन दिवसांनी उठते आणि रंध्रं बुजायला तर आठवडे लागतात. मॉइश्चरायझर पक्कं झाल्यावर दोन आठवड्यांनी तेलाकडे वळा. बऱ्याच जणांना तोपर्यंत तेलाची गरजच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

क्रमाने काय फरक पडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी हे करा. डाव्या हाताच्या पाठीवर, कोरड्या त्वचेवर, तेलाचा एक थेंब चोळा. उजवा हात ओला करा, टिपा, थोडं मॉइश्चरायझर लावा, त्यावर तेलाचा एक थेंब दाबा. तासाभराने दोन्ही हात सुती कापडाने हलके पुसा आणि दिव्याच्या तिरक्या उजेडात धरा. डाव्या हाताची चमक कापडावर निघून येते आणि बोटांच्या पेरांपाशी पांढरट रेघा पुन्हा दिसायला लागतात. उजव्या हाताची पेरं भरलेली राहतात. मूठ वळून बघितली तर फरक जास्त कळतो.

## टप्पा ५: रात्रीचा क्रम

तेलाची वेळ रात्रीची. हा टप्पा घाईत करू नका.

१. हात धुवा. केस मागे बांधा. डोक्याला तेल असेल तर कपाळावर ते उतरणार नाही असं बघा.

२. चेहरा धुवा. दिवसा सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर केसांच्या कडेपर्यंत आणि जबड्याखालीही धुवा.

३. टिपा, ओलसर ठेवा. इथून पुढचं तीन मिनिटांच्या आत. टॉवेल मोरीत वाळत घालून, फोन बघून मग क्रीम लावलं तर ओल उडून गेलेली असते. बाटल्या मोरीजवळच ठेवा.

४. डॉक्टरांनी दिलेलं मुरुमांचं किंवा डागांचं औषध असेल तर ते कोरड्या त्वचेवर लावायचं की ओल्या, हे त्यांनाच विचारा. ॲडापॅलीनसारखी औषधं ओल्या चेहऱ्यावर जास्त झोंबतात. त्यांच्यासाठी साधारण पद्धत अशी: चेहरा पूर्ण वाळू द्या, मग औषध, मग मॉइश्चरायझर. फारच झोंबत असेल तर खाली एक आणि वर एक असा मॉइश्चरायझरचा पातळ थर. गरोदरपणात किंवा तशी तयारी चालू असेल तर ही औषधं नकोत, डॉक्टरांना आधीच सांगा.

५. मॉइश्चरायझर: तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी पट्टी चेहऱ्याला, तेवढीच मानेला. पाच ठिकाणी ठिपके देऊन पसरवा. रगडून जिरवायची गरज नाही. पापण्यांवर नको.

६. मिनिट-दोन मिनिटं थांबा.

७. तेल: तळहातावर २ ते ३ थेंब. दोन्ही हात एकमेकांवर चोळून तेल पसरवा, मग तळवे गालांवर, हनुवटीवर, मानेवर दाबा. कपाळ आणि नाक शेवटी, हातावर उरलेल्या तेलाने. मुरुमं येणारी जागा सोडून द्या. चेहरा चमकायला लागला म्हणजे तेल जास्त झालं, कापडाने टिपून घ्या.

८. ओठांना आणि फार उललेल्या जागांना सगळ्यात वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. पाणी अडवण्यात कुठलंही वनस्पती तेल तिची बरोबरी करू शकत नाही.

सुरुवातीला तेल आठवड्यातून दोन-तीन रात्री. वेळ नसेल तर तळहातावरच मॉइश्चरायझरमध्ये एक थेंब तेल मिसळून लावलं तरी चालतं. बाटलीत मात्र ओतू नका.

तपासणी: सकाळी उठल्यावर उशीच्या अभ्र्यावर तेलाचा डाग दिसला तर थेंब कमी करा. चेहरा ओढत असेल तर तेल वाढवू नका, मॉइश्चरायझर वाढवा.

इशारा: तेल किंवा पेट्रोलियम जेली मुरलेलं कापड पटकन पेट घेतं. तेलकट चेहरा पुसलेला पदर, ओढणी किंवा स्कार्फ अंगावर घेऊन चुलीपाशी, गॅसपाशी, निरांजनापाशी जाऊ नका. एकदा धुतल्याने हे सगळं निघून जात नाही, म्हणून चेहरा पुसायचं कापड वेगळंच ठेवा.

## टप्पा ६: सकाळचा क्रम, तेलाविना

सकाळी चेहरा धुवा, ओलसर असताना हलकं मॉइश्चरायझर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि वर सनस्क्रीन. संपलं.

सकाळी तेल का नको? सनस्क्रीनचा त्वचेवर एकसंध थर बसावा लागतो. खाली तेल असलं की तो सरकतो, जागोजागी फाटतो. वरून तेल लावलं तरी तेच. सनस्क्रीनमध्ये तेल मिसळणं तर सगळ्यात वाईट. खोबरेल किंवा बदाम तेलाने उन्हापासून बचाव होतो असं ऐकलं असेल, तर छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातून गुलमंडीपर्यंत दुपारी चालत जाण्याएवढाही भरवसा त्यावर ठेवू नका.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, सोबत पीए+++ असलेलं. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची पट्टी, चेहरा आणि मान मिळून. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांग असणाऱ्यांनी रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घ्यावं. वांग नुसत्या उन्हाच्या अतिनील किरणांनी वाढत नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं.

कापूस वेचायला, सोयाबीन काढायला दिवसभर शेतात असणाऱ्यांना दर दोन तासांनी सनस्क्रीन लावणं परवडणार नाही, हे मला कळतं. त्यांनी सकाळी मॉइश्चरायझर, उपलब्ध असेल तर एकदा सनस्क्रीन, आणि मग खरा भर पूर्ण बाह्यांवर, डोक्यावरून पुढे आलेल्या पदरावर किंवा रुंद काठाच्या टोपीवर ठेवावा. कापड उत्तम संरक्षण देतं आणि ते घामाने वाहून जात नाही. संध्याकाळी रात्रीचा क्रम चुकवू नका.

गाडीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींसाठी: गालांवर स्कार्फच्या रेषेतच पुटकुळ्या येत असतील, तर आधी स्कार्फ रोज धुता का ते बघा. घाम, कालचं क्रीम आणि धूळ त्यात बसलेली असते. दोन-तीन सुती स्कार्फ आलटून-पालटून वापरा.

दाढी करणाऱ्यांसाठी: तुरटी फिरवल्यावर तिचं पाणी धुवून टाका आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. तुरटी त्वचा आकसवते आणि कोरडी करते. दाढीनंतर ताज्या ओरखड्यांवर तेल नको.

## टप्पा ७: ऋतूप्रमाणे बदल

थंडी. परभणीत पारा एक आकडी होतो तेव्हा तेलाचा खरा उपयोग. घट्ट क्रीम दोन वेळा, तेल बहुतेक रात्री. शेकोटीच्या फार जवळ चेहरा नेऊ नका.

उन्हाळा. पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी. घाम येतो म्हणून लोक मॉइश्चरायझर बंद करतात, तेव्हाच त्वचेतलं पाणी जास्त उडत असतं. क्रीम सोडून लोशन किंवा जेलवर या, पण बंद करू नका. तेल फक्त फार कोरड्या गालांना, आठवड्यातून एक-दोनदा. कुलर खोलीत ओल आणतो, तरी त्याचा झोत थेट तोंडावर घेऊन झोपलात तर सकाळी चेहरा ओढणारच. झोत पायांकडे वळवा. एसीमध्ये झोपणाऱ्यांनी रात्रीचं क्रीम थोडं घट्ट ठेवावं.

पावसाळा. हवा दमट, तेल बहुतेकांनी थांबवावं. बुरशीच्या पुटकुळ्यांचा हाच काळ. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात त्वचा पुन्हा कोरडी पडायला लागते, तेव्हा क्रीम बदला आणि तेल हळूहळू सुरू करा.

## वारंवार दिसणाऱ्या आणखी काही चुका

पुटकुळी आली की त्यावर तेल चोळणं, मालिश करणं. फुटते, पसरते, डाग राहतो.

कोरफडीचं पान तोडून थेट गालावर घासणं. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक खाजवतो. पान तोडून उभं ठेवा, चीक निथळू द्या, साल काढून गर धुवा. आणि तो गर हे मॉइश्चरायझर नव्हे, त्यावर क्रीम लागतंच.

खपल्या निघाव्यात म्हणून डाळीच्या पिठाने किंवा स्क्रबने रगडणं. उललेल्या त्वचेला ते जखमेवर घासल्यासारखं होतं. आधी दोन आठवडे फक्त ओल आणि क्रीम. खपल्या आपोआप बसतात.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे आणि तिची मला मनापासून काळजी वाटते. चेहरा उजळावा, वांग जावं म्हणून मेडिकलमधून किंवा पार्लरमधून ‘ही ट्यूब छान आहे’ असं ऐकून आणलेलं क्रीम मॉइश्चरायझर म्हणून रोज लावणं. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. कायद्याने ते चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरंच मऊ आणि गोरा दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल बारीक शिरा दिसतात, मुरुमं येतात, ओठांवर नको तिथे लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग होते. ती आग कोरडेपणाची समजून त्यावर तेल चोळणं म्हणजे त्रासात भर. अशा वेळी घरी प्रयोग नकोत, डॉक्टरांकडे जा.

## डॉक्टरांकडे कधी आणि कसं जायचं

मॉइश्चरायझर नीट क्रमाने तीन-चार आठवडे लावूनही चेहरा ओढतोय, त्वचेला भेगा पडून पाणी किंवा रक्त येतंय, रात्री झोपमोड होण्याइतकी खाज आहे, लाल चट्टे उन्हात वाढताहेत, किंवा एखाद्या पांढऱ्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही: यातलं काहीही असेल तर थांबू नका. स्पर्श न कळणारा चट्टा तर कुठल्याही तेलाने जाणार नाही, त्याची तपासणीच व्हायला हवी.

खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळ्या ठिकाणी त्वचारोग विभाग आहे.

जाताना त्या सकाळी चेहऱ्यावर तेल, क्रीम, पावडर काहीच लावू नका, नाहीतर खपल्या आणि लाली दबून जातात. गेल्या सहा महिन्यांत चेहऱ्याला लावलेलं सगळं एका पिशवीत घालून न्या. संपलेली ट्यूब, पार्लरमधून आणलेली बिननावाची डबी, घरी केलेलं तेल, झाडपाल्याचा लेप, सगळं. कुठलं कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं ते कागदावर लिहून ठेवा.